ओपलच्या बिलावर नुसती रत्ती नको

शुक्राचा खडा म्हणून हिऱ्याऐवजी ओपल घालण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो आणि दुकानात पहिला प्रश्न येतो तो ‘किती रत्तीचा?’ हाच. ओपलपुरता हा प्रश्न अपुरा आहे. चांगल्या ओपलची किंमत ठरते ती मुख्यतः रंगांच्या खेळावर. खडा बोटांत फिरवला की लाल, हिरव्या, निळ्या ठिणग्या जागा बदलतात. सिलिकाचे अतिसूक्ष्म गोल आत नीट रचून बसलेले असले तरच हे रंग उमटतात, हे ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये दाखवून दिले. ती रचना नसेल तर वजनदार खडाही नुसता दुधी राहतो.

वजनावर भिस्त ठेवण्यात आणखी एक धोका आहे. 2008 मध्ये इथिओपियाच्या वोलो भागात ओपलचा मोठा साठा सापडला आणि तिथला माल बाजारात आला. हा ओपल सहसा सच्छिद्र असतो. पाण्यात ठेवला की तो पाणी पितो, वजन वाढते, रंग फिके पडून खडा पारदर्शक होतो. वाळल्यावर तो बहुधा पूर्ववत होतो. पण दूध, तेल किंवा अत्तर आत मुरले तर डाग कायमचा राहू शकतो. अंगठी दुधात किंवा पंचामृतात बुडवून घालणाऱ्यांना हे आधी कळायला हवे. ऑस्ट्रेलियातला ओपल सहसा असे पाणी शोषत नाही. म्हणजे निगा कशी राखायची, हेसुद्धा खडा कुठला यावर ठरते. डब्लेटची गोष्ट वेगळी. त्यात ओपलची पातळ चकती काळ्या पाठीवर चिकटवलेली असते. सुटा खडा कडेने पाहिला तर सांध्याची सरळ रेघ दिसते. बंद जडणीत ती झाकली जाते.

म्हणून खडा नैसर्गिक की कृत्रिम, अखंड की चिकटवलेला, कुठल्या देशातला, धूर देऊन काळा केलेला आहे का, हे बिलावर आलेच पाहिजे. स्वस्त खड्याला प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र परवडत नाही, हे विक्रेत्यांचे म्हणणे रास्त आहे. पण बिलावर दोन ओळी लिहायला खर्च येत नाही, आणि मालाची माहिती मिळणे हा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला दिलेला हक्क आहे. ग्रहासाठी घेतलेल्या खड्याचे रूप कशाला पाहायचे, असेही म्हटले जाते. पण श्रद्धेने घेणाऱ्यालाही अस्सल खडाच हवा असतो. इथिओपियाचा ओपल खोटा नाही. माहिती घेऊन, जपून वापरला तर तो कमी पैशांत मोठा आनंद देतो. मात्र ही माहिती लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून ओपल घेऊच नये.