कागदाच्या कमळाचा हिशेब



वैशाख पौर्णिमा ऐन उन्हाळ्यात येते. त्या दिवसांत खरी फुले महाग, आणि सकाळी आणलेली दुपारपर्यंत माना टाकतात. म्हणून विहारांच्या सजावटीत प्लॅस्टिकची फुले शिरली. त्यांवर धूळ बसते, रंग उडतो आणि शेवटी ती गटारात जातात. आमचे म्हणणे असे की, सजावट कागदाच्या फुलांची करावी आणि ती फुले वस्तीतच तयार व्हावीत. पूजेचे फूल मात्र खरेच हवे. फूल कोमेजते तसाच हा देहही, असे आपण पुष्पपूजेत म्हणतो. न कोमेजणाऱ्या फुलासमोर ते म्हणण्यात अर्थ काय?

क्रेप कागदाची फुले सर्वांना ठाऊक आहेत. पांढऱ्या कागदाला जलरंग देऊन केलेले फूल त्याहून खरे दिसते, कारण एकाच पाकळीत फिका-गडद रंग उतरवता येतो. कागद चित्रकलेच्या वहीतला जाडसर घ्यावा. कमळाच्या पाकळ्या लहान-मोठ्या तीन मापांत कापाव्यात. पाकळी स्वच्छ पाण्याने ओलसर करून टोकाला गुलाबी रंग लावावा. तो आपोआप खाली पसरत फिका होतो. ब्रशने घासत बसू नये. बुडाशी किंचित पिवळा. एक बाजू वाळली की दुसरी रंगवावी. वर्तमानपत्रावर वाळत घालू नये, शाई लागते. जुने ताट बरे. पाकळी थोडी दमट असतानाच तळहातावर ठेवून चमच्याच्या पाठीने दाबली की खोलगट होते आणि वाळल्यावर तशीच राहते. चिकटवायला खळ स्वस्त, पण तिला झुरळे लागतात. काहीजण त्यात मोरचूद घालतात. ते विष आहे, मुलाबाळांच्या घरात नकोच. पाण्याचा थेंब पडला तर जलरंग पुन्हा सुटतो, म्हणून ही फुले मांडवाच्या आतच लावावीत.

कुणी याला पोरखेळ म्हणेल. इंग्लंडमध्ये मेरी डेलनी या बाईंनी १७७२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागद कातरून फुलांची चित्रे चिकटवायला सुरुवात केली. पुष्कळसा कागद त्या स्वतःच जलरंगाने रंगवीत. दहा वर्षांत हजाराच्या आसपास चित्रे झाली; ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. अर्थात त्या बाई मोठ्या घरच्या, हाताशी नोकरचाकर. आमच्या भगिनी कामावरून येऊन, स्वयंपाक उरकून कात्री हातात घेतात.

म्हणूनच हिशेबाचे बोलतो. कारकुनाला दुसरे काय सुचणार! समजा, एका कमळाला ४० मिनिटे लागली. कागद, रंग, तार मिळून ६ रुपये. मंडळाने "कागदच तर आहे" म्हणत २० रुपये टेकवले, तर हाती उरले १४. म्हणजे तासाला २१ रुपये. बिगाऱ्याची रोजीही याहून जास्त आहे. विहाराला फुले दान द्यायची असतील तर आनंदाने द्यावीत, पण मग ते दान त्या भगिनीच्या नावाने, रकमेसह वहीत लिहिले जावे. डेकोरेशनवाल्याचे बिल जमाखर्चात येते, तिचे तास मात्र कुठेच येत नाहीत.

तेव्हा मंडळाच्या बैठकीत सजावटीचा आकडा ठरण्याआधीच भगिनींनी एक कमळ आणि आपला दर लिहिलेला कागद, दोन्ही पुढे ठेवावेत.