अंतर नकाशाचे, वेळ वाऱ्याची

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाने अटलांटिकवरील नेहमीचा मार्ग सोडला आणि पूर्वेकडे वळून प्रशांत महासागर ओलांडला. जुना मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता, नवा सुमारे १५,३०० किलोमीटरचा. वाट चौदाशे किलोमीटरने वाढली. तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचले आणि जवळजवळ दोन तास वाचले.

गोलावरील सर्वांत जवळची वाट मोजली, तर या दोन विमानतळांमधील अंतर सुमारे १२,४०० किलोमीटरच भरते. ती वाट उत्तर ध्रुवाच्या परिसरातून जाते. म्हणजे एकाच प्रवासाची तीन अंतरे झाली, आणि त्यांतील सर्वांत लांब वाट वेळेच्या हिशेबात सरस ठरली.

याचे उत्तर हवेत आहे. विमान आपला वेग भोवतालच्या हवेच्या संदर्भात राखते. ती हवा स्वतः वाहत असेल, तर जमिनीवरून मोजलेला वेग बदलतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारे जेट प्रवाह ताशी दोनशे किलोमीटरचा वेगही सहज गाठतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या विमानाचा सरासरी वेग ताशी एक हजार किलोमीटरच्या वर गेला, तो या पाठीवरच्या वाऱ्यामुळे.

पृथ्वी खालून फिरते, म्हणून पश्चिमेकडे जाणारे विमान लवकर पोहोचते, हा समज अजूनही आढळतो. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते, हे त्यात विसरले जाते. मुंबईहून लंडनला जाताना लागणारा वेळ परतीच्या वेळेपेक्षा साधारणपणे अधिक असतो. एवढे एक उदाहरणही तो समज खोडून काढण्यास पुरेसे आहे.

हे वारे वर्षभर एकसारखे नसतात. हिवाळ्यात उत्तर भारतावर ठाण मांडून बसणारा पश्चिमी जेट प्रवाह पावसाळ्यात तिबेटच्या पठारापलीकडे सरकतो आणि दक्षिण भारतावर उलट दिशेचा, पूर्वेकडून येणारा प्रवाह उभा राहतो. या पूर्वी प्रवाहाची ओळख १९५० च्या दशकात भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांच्या संशोधनाने जगाला करून दिली. भारतीय विज्ञानाचा हा वारसा विमानप्रवाशांच्या कानावर क्वचितच पडतो.

वाऱ्याइतकीच सत्ता सीमांचीही असते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसे घ्यावे लागले. शहरे जागच्या जागी राहिली. तास आणि इंधन मात्र वाढले.

म्हणून लांब पल्ल्याच्या उड्डाणाची बातमी केवळ किलोमीटर आणि विक्रम सांगून पुरी होऊ नये. विमान आणि वैमानिक यांचे कौतुक होते, ते उचितच आहे. पण वरच्या थरांतील वारा मोजण्यासाठी हवामान खाते दररोज जे फुगे आकाशात सोडते, त्यांचाही त्या कौतुकात वाटा असला पाहिजे. मोठे विमान तासाला कित्येक टन इंधन जाळते; वाऱ्याचा अचूक अंदाज त्यातील बरेच वाचवू शकतो. नव्या विमानांवर खर्च करणाऱ्या देशाने या मोजमापावर हात आखडता घेणे शहाणपणाचे ठरणार नाही.