न्यायवैद्यक तपासणी कोणाच्या वाट्याला येते?

सध्या न्यायवैद्यक शास्त्राचे कौतुक जोरात चालू आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुदत आहे. त्यात नॅनो तंत्रज्ञानाची भर. सोन्याच्या किंवा झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांनी पुसट झालेले बोटांचे ठसेही उठवता येतात. हे सगळे खरे आहे आणि आम्हाला हवेही आहे. आमचा प्रश्न एवढाच, की हे विज्ञान दलित वस्तीत किती वाजता पोहोचते?

वेळेचा प्रश्न का, ते एका उदाहरणाने सांगतो. बंदूक झाडली की काडतुसाच्या टोपीतील मिश्रणामुळे शिसे, बेरियम आणि अँटिमनी यांचे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे गोलसर कण झाडणाऱ्याच्या हातावर बसतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेले क्ष-किरण यंत्र एकेका कणातील मूलद्रव्ये ओळखते. तिन्ही एकाच कणात सापडली की पुरावा भक्कम होतो. पण जिवंत माणसाच्या हातावर हे कण जेमतेम चार-सहा तास टिकतात. हात धुतले, खिशात घातले, की गेले. आता आमच्या गावाकडचे घड्याळ बघा. फिर्यादी ठाण्यात जातो, साहेब बंदोबस्तावर असतात, मग 'आपसात मिटवा' होते, मग रात्र होते. फिर्याद दुसऱ्या दिवशी नोंदली जाते. तोवर कोट्यवधीच्या यंत्राला बघायला काही उरलेले नसते. आणि कोर्टात वाचला जातो तो अहवाल: 'अवशेष आढळले नाहीत.'

हाथरसमध्ये वेगळ्या तपासणीत हेच घडले. घटना १४ सप्टेंबर २०२० ची, न्यायवैद्यक नमुने घेतले गेले अनेक दिवसांनी. असे नमुने ९६ तासांच्या आत घ्यावेत, असे सरकारच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. तरीही त्या अहवालाचा दाखला देऊन उत्तर प्रदेश पोलिसांच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने बलात्कार झालाच नाही, असे जाहीर करून टाकले. पुढे सीबीआयने सामूहिक बलात्कार आणि खुनाचे आरोपपत्र ठेवले. मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने चारपैकी तिघांना निर्दोष सोडले आणि एकाला सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा दिली. नमुने वेळेत घेतले असते तर काय निघाले असते, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण यंत्राचे नाव घेतले की आपलेही लोक हात जोडतात. अमेरिकेत एफबीआयने अनेक दशके गोळीतील शिशाचे पृथक्करण केले. अँटिमनी, आर्सेनिक, तांबे, बिस्मथ, चांदी, कथील, कॅडमियम या सात मूलद्रव्यांचे प्रमाण जुळले, की ही गोळी आरोपीच्या घरातल्या डब्यातलीच, असे ज्युरीला पटवले जाई. २००४ साली तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने हिशेब मांडला: शिशाच्या एका वितळणीतून बारा हजारांपासून साडेतीन कोटींपर्यंत गोळ्या निघू शकतात! म्हणजे मोजमाप बरोबर होते, त्यावरून काढलेला निष्कर्ष पोकळ होता. २००५ साली एफबीआयने ही तपासणी बंद केली. पण तोवर तिच्या भरवशावर किती माणसे तुरुंगात गेली होती? इंग्लंडमध्ये १९७४ च्या बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटांत सहा आयरिश माणसांपैकी काहींच्या हातावर स्फोटकांचे अंश सापडले म्हणून सांगितले गेले. तीच प्रतिक्रिया पत्त्यांच्या कॅटलाही येते, हे नंतर कळले. ते सहाजण सुटले १९९१ मध्ये. संशय आधीच ज्या समाजावर असतो, त्याच्यावर चुकीची तपासणी लवकर चिकटते. भटक्या-विमुक्तांना हे वेगळे सांगायला नको.

आता नव्या कायद्यातली खरी खोच. 'सात वर्षे किंवा अधिक' ही अट वाचायला निरुपद्रवी वाटते. पण अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) मधल्या गुन्ह्यांना कमाल शिक्षा आहे पाच वर्षे. घाणेरडे पदार्थ खायला लावणे, घरासमोर मेलेले जनावर टाकणे, जमीन बळकावणे, पिण्याच्या पाण्याचा साठा दूषित करणे, हे सगळे त्याच कलमात. म्हणजे ज्या गुन्ह्यांसाठी हा विशेष कायदा केला, नेमके तेच तज्ज्ञाच्या सक्तीच्या भेटीतून वगळले गेले. ही नजरचूक असेलही. आम्हाला फरक पडत नाही, परिणाम तोच.

पाण्याचेच घ्या. १९२७ साली चवदार तळे आमच्या स्पर्शाने 'बाटले' म्हणून पंचगव्याने शुद्ध करण्यात आले. त्या विटाळाला प्रयोगशाळा लागली नव्हती. आज वस्तीच्या विहिरीत कुणी काही टाकले, तर आयसीपी-एमएस यंत्र अब्जात एक भागाहूनही कमी आर्सेनिक किंवा शिसे पकडते. पण विहीर उपसली, टाकी धुतली, की संपले. तामिळनाडूतील वेंगैवयल येथे डिसेंबर २०२२ मध्ये दलितांच्या पाण्याच्या टाकीत विष्ठा सापडली. डीएनए तपासणीसाठी वस्तीतल्याच लोकांचे नमुने मागितले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये आरोपपत्र आले ते तिघा दलितांवर.

आमची मागणी साधी आहे. १९९५ च्या अॅट्रॉसिटी नियमांत दुरुस्ती करून कलम ३(१) च्या प्रत्येक गुन्ह्यात, जिथे तपासण्याजोगी वस्तू आहे तिथे, तज्ज्ञाची भेट सक्तीची करावी. फिर्याद आणि नमुना यांच्यामध्ये किती तास गेले, हे अहवालाच्या पहिल्या पानावर छापावे. उशीर झाला असेल तर कलम ४ आहेच. कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला त्यात सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. ते वापरले जात नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि तोवर कार्यकर्त्यांनी एवढे करावे. पाण्याची तक्रार असेल तर टाकी धुऊ देऊ नये. पोलिसांना पंचांसमोर दोन बाटल्या सीलबंद करायला लावाव्यात: धातूंसाठी प्लॅस्टिकची, कीटकनाशकासाठी काचेची. पंचनाम्यात तारखेबरोबर वेळही लिहून घ्यावी, आणि त्याची प्रत मागून घ्यावी.