गायरान म्हणजे पडीक जमीन?

परवा वर्गातील चर्चेत कुणीतरी म्हणाले, ‘गावाचे गायरान नुसते पडून असते. तिथे काहीतरी उपयोगाचे उभारले पाहिजे.’ सर्वांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची बोच अजून गेलेली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे घर माणदेशातले. दावणीला दोन बैल, तीन गाई आणि एक कालवड, सगळी खिलार. पहाटे आई शेणघाण काढते, आप्पा वैरण टाकतात आणि ऊन चढायच्या आत गुरे माळाला लागतात. खिलार गाय दूध बेताचेच देते. तिचे खरे मोल तिच्या खोंडात. तो खोंड वाढतो कडब्यावर आणि माळाच्या गवतावर. रोज विकतची पेंड घालणे परवडत नाही. आमच्या दावणीचा निम्मा आधार सात-बारावर नाही, तो गावाच्या माळावर आहे.

आणि माळ कधी पडून नसतो. पाऊस झाला की त्यावर हिरवी लव येते. कुसळी गवत कोवळे आहे तोवर आप्पा तिकडे गुरे वळवतात, कारण पुढे कुसळे गुरांच्या तोंडाला टोचतात. मारवेल मात्र वाळली तरी गुरे आवडीने खातात. चरत्या गुरांमागे गायबगळे चालतात आणि खुरांपुढे उडणारे नाकतोडे टिपतात. शेणकिडे शेण जमिनीत पुरतात, तेच माळाचे खत. गवताच्या बुडाशी चंडोल घरटे करतो. मग यातले पडीक काय?

गायरानावर भूमिहीनांचाही हक्क आहे, हे मला मान्य आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले, ते न्यायासाठीच. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या निकालात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्यास सांगितले. पण भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जमिनी, तसेच शाळा-दवाखाने यांचा अपवाद म्हणून विचार ठेवला. माझी तक्रार पोटासाठी दोन एकर कसणाऱ्याविरुद्ध नाही. ज्याच्याजवळ आधीच पुष्कळ आहे, तो कुंपण सरकवीत माळ गिळतो, त्याच्याविरुद्ध आहे.

दोष आम्हा गुरे पाळणाऱ्यांचाही आहे. गवत वर यायच्या आत आम्ही गुरे सोडतो, आणि मग माळ बोडका झाला म्हणून रडतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी पाळली आणि गवत कापून नेण्याची शिस्त लावून घेतली. ग्रामसभेने ठरविले तर माळाचा एक भाग आळीपाळीने राखणे आपल्याही गावांना अशक्य नाही.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांची फी अजूनही दावणीतूनच येते. आषाढात बेंदराला बैलांची शिंगे रंगवून आपण कृतज्ञता व्यक्त करतो. पण वर्षभर बैल ज्या माळावर जगतो, त्या माळाचा प्रश्न ग्रामसभेत निघाला की आपण तिथे नसतो. या सुट्टीत मी आप्पांबरोबर त्या सभेला जाणार आहे. वर्गात गप्प बसलो, तिथे तरी बोलायचे ठरविले आहे.