सिमेंटची नाव घ्यावी का?

परवा सकाळी चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात न्यूझीलंडहून पुतण्याचा फोन आला. धाकट्या भावाचा हा मुलगा गेली बारा वर्षं ऑकलंडला असतो. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग हळूच म्हणाला, "काका, एक नाव घ्यायचं मनात आहे. शिडाची, बारा मीटरची. आत चौघं झोपू शकतात. मोटारीच्या किमतीत मिळतेय."

आमच्या वडिलांची सवय होती. बाजारात बैल स्वस्तात मिळतोय म्हटलं की आधी त्याचं तोंड उघडून दात बघायचे. मी विचारलं, "एवढी स्वस्त का रे?"

तो जरा थांबला. "फेरोसिमेंटची आहे, काका. म्हणून तर तुम्हाला विचारतोय. तुम्ही नाही का नांदेडला अन् लातूरला तसल्या टाक्या बांधल्या?"

सौ. आतून हसल्या. नावघाटावरून गोदावरी बघण्यापलीकडे ज्याचा नावेशी संबंध नाही, त्याला समुद्राचा सल्ला विचारायचा! पण मुलाचा प्रश्न अगदीच वेडा नव्हता. शिवाय त्यात आमच्या घराचाही एक धागा गुंतलेला आहे, तो पुढे सांगतो.

आधी हे फेरोसिमेंट म्हणजे काय ते सांगतो. लोखंडी सळ्यांचा सांगाडा करायचा, त्यावर बारीक जाळीचे अनेक थर तारेनं घट्ट बांधायचे आणि त्यात वाळू-सिमेंटचा मसाला हातानं दाबून भरायचा. खडी नाही. जाडी जेमतेम बोटभर. मंडळी, गंमत अशी की ही कल्पना आधी नावेसाठीच वापरली गेली, टाक्या-बिक्या नंतरच्या. फ्रान्समध्ये जोसेफ-लुई लांबो नावाच्या गृहस्थानं 1848 मध्ये अशी एक छोटी होडी केली, 1855 मध्ये पेटंट घेतलं आणि त्याच साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात होडी मांडली. पाण्यानं लाकूड कुजतं, त्याला पर्याय शोधत होता बिचारा. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीच्या नेर्वी या स्थापत्यविशारदानं 165 टनांची 'इरेन' नावाची नौका याच पद्धतीनं बांधली. चीनमध्ये 1960 च्या दशकात नदीतल्या होड्या अशा झाल्या. आपल्याकडे रुरकीच्या संशोधन केंद्रानं धान्याच्या कोठ्या आणि पाण्याच्या टाक्या केल्या. टाकीनं पाणी आत धरायचं, नावेनं बाहेर ठेवायचं, एवढाच काय तो फरक.

सिमेंटची म्हणजे बुडणारच, असं काहीजण म्हणतात. ते चूक आहे. लोखंडाची जहाजं तरंगतात तशी हीही तरंगते. बॉब ग्रिफिथ यांची 'अवाहनी' ही फेरोसिमेंटची नाव 1970-71 मध्ये अंटार्क्टिकाला फेरी मारून आली. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी ते होबार्ट शर्यतीत 1973 साली 'हेल्सल' नावाची सिमेंटची नाव सगळ्यांच्या आधी पोचली. लोक तिला थट्टेनं 'उडता फुटपाथ' म्हणत! अशी नाव कुजत नाही, जळत नाही, लाकूड पोखरणारे समुद्री किडे तिला लागत नाहीत आणि कुठं खपली निघाली तर दुरुस्ती स्वस्तात होते. पुतण्यानं हे सगळं वाचलेलं होतं, भराभर सांगत होता.

माझा या पद्धतीवर विश्वास बसला तो 1993 नंतर. अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतरची ती पहाट, 30 सप्टेंबर. आम्ही तेव्हा लातूरला औसा रोडवर राहत होतो. किल्लारी तिथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पुढच्या दिवसांत तिकडे जे पाहिलं ते इथं लिहीत नाही. एक गोष्ट मात्र कायमची कळली, जाड म्हणजे मजबूत नव्हे. हात-दीड हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती माणसांवर कोसळल्या, कारण दगडाला दगड बांधलेला नव्हता. जे एकमेकांत बांधलेलं असतं ते पातळ असूनही टिकतं.

म्हणून निवृत्तीनंतर नांदेडला घर केलं तेव्हा 2009 मध्ये अंगणात दहा हजार लिटरची फेरोसिमेंटची टाकी बांधून घेतली. गवंडी जाणता होता. एका दिवसात आतून-बाहेरून मसाला भरला, मग ओलं गोणपाट गुंडाळून मी स्वतः पंधरा दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी मारलं. ती टाकी आजही थेंबभर गळत नाही.

दुसरी टाकी लातूरच्या घरी, 2013 च्या मे महिन्यात. भावाचा आग्रह होता की पावसाळ्याआधी व्हावी. दुष्काळाचं वर्ष. जाळी तीच, सिमेंट तेच. पण गवंडी दोनच दिवस मिळाला. पहिल्या दिवशी अर्धी भरली, उरलेली दुसऱ्या दिवशी. आणि पाणी मारायचं तर पाणी कुठाय? प्यायला घागर मिळेना, तिथं टाकीला कोण पाजणार! मीच भावाला म्हणालो, "राहू दे, रंग देऊन टाकू." दोष गवंड्याचा नाही, माझा. रंग लावल्यावर टाकी नांदेडच्या टाकीपेक्षा देखणी दिसत होती.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. त्याच महिन्यात भावानं विकत घेतलेला अर्धा टँकर आमच्या त्या देखण्या टाकीत ओतला. सकाळी उठून बघतो तर खाली चिखल आणि टाकी निम्मी रिकामी. ज्या दिवसांत लोक घागरीसाठी रात्र जागत होते, त्या दिवसांत आम्ही पाणी मातीला पाजलं. भाऊ मला एका शब्दानं बोलला नाही. नंतर टाकी फोडली तेव्हा दिसलं, जाळीच्या मागं मसाला पोचलाच नव्हता. जागोजागी पोकळ, आणि तारा गंजून पिठासारख्या झालेल्या. दोन दिवसांचा सांधा तर सुरीनं कापल्यासारखा सुटला.

फेरोसिमेंटचा खरा धोका हाच आहे. त्याचा चांगुलपणा आत असतो आणि वाईटपणाही आत असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

टाकीला जे लागू तेच नावेला, फक्त तिथं खारं पाणी आहे. एखादी बारीक भेग पडली की मीठ आत जातं आणि तार गंजते. गंजलेलं लोखंड फुगतं, फुगलं की मसाला फोडतं आणि भेग आणखी वाढते. टणक खडकावर एका जागी आदळली तर तिथंच फुटते. वजनही आहे. बोटभर जाडीच्या एका चौरस मीटरला साठ-पासष्ट किलो धरा. म्हणून दहा मीटरहून लहान नाव याची करण्यात फारसा अर्थ नसतो. 1960-70 च्या काळात न्यूझीलंड, इंग्लंड, कॅनडात पुष्कळ हौशी लोकांनी घरामागं अशा नावा बांधल्या. कवच स्वस्तात होतं म्हणून भुलले. पण कवच हा नावेच्या खर्चाचा लहानसा भाग. डोलकाठी, शिडं, इंजिन, दोरखंड यांना सिमेंटचा भाव लागत नाही! काहींनी जीव ओतून काम केलं, त्या नावा पन्नास वर्षांनीही फिरताहेत. काहींनी आमच्या लातूरच्या टाकीसारखं केलं. आता विकायला येतात तेव्हा दोघींवर एकच रंग.

"पण काका, तपासनीस येऊन हातोडीनं ठोकून बघतो ना," पुतण्या म्हणाला. खरं आहे, आपण माठ वाजवून घेतो तसंच. वाजवून मोठी पोकळी कळते, तारेचा गंज कळत नाही. म्हणूनच विमेवाले अशा नावेला लवकर हात लावत नाहीत, आणि विमा नाही म्हणजे पुढे गिऱ्हाईकही नाही. स्वस्ताईचं कारण ते. शिवाय आमची टाकी गळली तेव्हा टँकर तरी होता. भर समुद्रात काय बोलावणार?

आपल्या दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये 'म्हादेई'तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती नाव सिमेंटची नव्हे, लाकूड आणि फायबरग्लासची. गोव्यात दिवार बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेली. दोंदे बांधणीच्या वेळी तिथंच होते, नाव आतून कशी आहे ते त्यांनी पाहिलं होतं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे. आपला जीव ज्यावर ठेवायचा ते बांधताना कुणीतरी पाहिलेलं असावं.

आता तो घरचा धागा. पुतण्याला नावेचे पैसे लातूरच्या घरातला त्याचा वाटा विकून उभे करायचे आहेत. भाऊ 2020 साली गेला, वाटा आता त्याचाच. आणि मला ते घर विकलं जायला नको आहे, हे कबूल करतो. तेव्हा माझा सल्ला किती काकाचा आणि किती म्हाताऱ्याच्या स्वार्थाचा, हे माझं मलाच दोन दिवस कळेना. म्हणून घर बाजूला ठेवून पुन्हा विचार केला. तरी मत बदललं नाही.

मत असं. फेरोसिमेंट वाईट नाही, पण बांधणारा अनोळखी असेल तर वाईट धरून चालावं. ज्यानं बांधली त्याचं नाव, बांधतानाचे फोटो, मसाला एका दिवसात भरला का, किती दिवस ओली ठेवली, हे सगळं मिळालं तर नाव पाण्याबाहेर काढून तपासून खुशाल घे. पण पैसे परत दिसणार नाहीत असं समजून घे. पगारातल्या शिलकीतून घे, बापाच्या घरातून नको. तोवर वर्षभर दुसऱ्यांच्या नावांवर हात मारायला जा, तिथं खलाशी लागतातच.

फोनवर एवढं सगळं बोललो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या टाकीचं बाबांनी मला कधी सांगितलं नव्हतं."

"नाहीच सांगणार," मी म्हणालो.

मालकाकडे बांधणीचे फोटो मागितलेत म्हणतो. आठ दिवस झाले, अजून आलेले नाहीत. असो.