मूळ प्रत

मराठीच्या अध्यापकाकडून लोक काय लिहून घेतील याचा नेम नसतो. लग्नपत्रिकेचा मजकूर, निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांचे मानपत्र, गावच्या नळयोजनेबद्दलचा अर्ज, एवढेच काय, पण हरवलेल्या म्हशीची जाहिरातसुद्धा मी लिहून दिलेली आहे. (म्हैस सापडली. जाहिरातीमुळे नव्हे, ती आपण होऊन परत आली.) गेल्या दिवाळीत मात्र माझ्याकडून फक्त एकच शब्द लिहून हवा होता, आणि त्या एका शब्दापायी माझे जे हाल झाले, ते एम. ए.च्या परीक्षेतही झाले नव्हते.

आमचे गाव नरसी नामदेव. कयाधूच्या काठचे, नामदेवांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले. नोकरीने मला दूर नेले तरी दिवाळीला मी नरसीला जातो. तिथे आमच्या जुन्या घरी वहिनी असतात, पुतण्या असतो, धाकटी पुतणी असते, आणि अंगणात लिंबाखाली आबांची फियाट असते. दादा गेल्यापासून घरात वडीलधारे असे खरोखर कुणी उरले असेल तर ती फियाटच!

आबांनी ती 1970 साली घेतली. फियाट 1100 डी. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही लेक. 1089 सीसीचे इंजिन, चाळीस घोड्यांची ताकद, पुढे बाकासारखी सलग सीट आणि गिअरची दांडी स्टिअरिंगला. पुढे हिच्याच धाकट्या बहिणीने ‘पद्मिनी’ हे नाव घेतले आणि काळ्या-पिवळ्या वेषात मुंबईकरांची पिढ्यान्पिढ्या सेवा केली. त्या टॅक्सींपैकी शेवटची 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहिले. आमची फियाट मात्र नरसीत सुखाने नांदत होती. ‘होती’ हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला आहे.

आमच्या पुतण्याने नांदेडला डिप्लोमा केला. पोरगा गुणी, हात सोन्याचे. पण त्याच्या डोक्यात मोटारींच्या शर्यती शिरल्या. मद्रासजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी होती. तिथे कैक वर्षे शर्यती होत आणि आपल्या साध्याभोळ्या फियाटी त्या धावपट्टीवर विमानासारख्या सुटत, हे त्याने कुठेतरी वाचले. झाले! दोन वर्षांपूर्वी त्याने आबांची फियाट कामाला घेतली. कुर्ल्याचे इंजिन काढले आणि जिप्सीचे 1298 सीसीचे घातले. दांडीचा गिअर काढून जमिनीवरचा बसवला. सलग सीट जाऊन दोन खोलगट खुर्च्या आल्या. रुंद टायर मावेनात म्हणून चाकांवरचा पत्रा कापला. घड्याळे बसवण्यासाठी डॅशबोर्ड कापला. सायलेन्सर असा बसवला की गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की म्हातारी माणसे ओट्यावरून आत जाऊन बसत.

गाडी पळू लागली, यात शंका नाही. किंमत कुठे पळाली हे मात्र दसऱ्याला कळले.

वहिनींना ती विकायची होती. हौस म्हणून नव्हे. धाकटीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फीचा आकडा मोठा होता. जुन्या गाड्यांचा एक शौकीन पुण्याहून आला. फोनवर त्याने चांगली रक्कम बोलली होती. त्याने आधी बॉनेट उघडले, मग आत डोकावून डॅशबोर्ड पाहिला, मग चाकांवरच्या कापलेल्या पत्र्यावरून हात फिरवला. एखाद्या आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा. चहा घेतला आणि बोललेल्या रकमेच्या निम्म्यालाही यायला तयार झाला नाही.

“पण हिच्यावर दीड लाख रुपये खर्च झालेत!” पुतण्या म्हणाला.

“तेवढेच परत काढायला लागतील,” तो गृहस्थ शांतपणे म्हणाला.

मला त्या गृहस्थाचे म्हणणे चटकन पटले. कारण आमच्या धंद्यात हेच चालते. नामदेवांच्या नावावरच्या अभंगांत पुढे होऊन गेलेल्या ‘नामा’ म्हणवणाऱ्या कवींचे अभंग मिसळलेले आहेत, आणि कोणता अभंग मूळचा व कोणता मागाहून आलेला यावर अभ्यासकांनी आयुष्ये घालवली आहेत. मागाहून आलेला अभंग वाईट असतो असे नाही; कधी कधी तो गोडही असतो. पण तो कुणाचा, केव्हाचा आणि कोणत्या पोथीत पहिल्यांदा आला हे सांगता आले पाहिजे. जुन्या मोटारीचेही असेच असते. तिचे मोल पळण्यात नसते, मूळ प्रत असण्यात असते. शौकीन लोक इंजिनावरचा नंबर आणि आरसी पुस्तकातला नंबर ताडून पाहतात, तो आम्ही पाठभेद ताडून पाहतो तसाच.

मग शर्यतीसाठी केलेला प्रत्येक बदल किंमत उतरवतोच काय? नाही. 2018 साली अमेरिकेत एक फेरारी 250 जीटीओ 4 कोटी 84 लाख डॉलरला लिलावात गेली. ही गाडी 1962 सालची, त्याच वर्षी इटलीची राष्ट्रीय स्पर्धा जिंकलेली. गंमत अशी की, तिचा सांगाडा मूळचा असला तरी वरची काया 1964 साली बदललेली होती. पण ती बदलली कुणी? तर फेरारीच्याच काया घडवणाऱ्या स्काग्लिएत्ती यांनी, त्याच काळात, त्याच शर्यतींसाठी. आणि त्याची नोंद होती. म्हणजे तो बदल हीच तिची बखर झाली. आबांनी आमची फियाट त्या काळी शोलावरमला नेऊन पळवली असती, स्पर्धेची कागदपत्रे नि फोटो ठेवले असते, तर तिचा कापलेला पत्राही आज मिरवला असता. पण आबा तिच्यातून फार तर औंढ्याला दर्शनाला जात. पुतण्याने कापला तो इतिहास नव्हता, नुसता पत्रा होता.

मला शहाणपण शिकवले ते हिंगोलीच्या मिस्त्रीने. तो म्हणाला, “सर, नट आवळून बसवलेलं खोलता येतं. चाकं बदला, कार्बोरेटर बदला, सीटा बदला, जुनं सामान जपून ठेवलं तर आठ दिवसांत गाडी होती तशी. पण कापलेला पत्रा शिवता येत न्हाई.” नामदेव शिंप्याच्या गावचा मी, मला ते वाक्य फार लागले.

आता त्या एका शब्दाकडे येतो. सौदा फिसकटला तेव्हा पुतण्याने दुसरा बेत केला. गाडी ठेवायची, डिसेंबरात एका रॅलीत उतरवायची, आणि तिचा नव्या कंपनीकडे भरभक्कम रकमेचा विमा करायचा. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी त्याने फॉर्म माझ्यापुढे ठेवला. “काका, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच भरा.” नाव, गाव, सन भरून झाले आणि प्रश्न आला: उत्पादकाच्या मूळ रचनेत काही बदल केले आहेत काय?

“नाही लिहा,” तो म्हणाला.

माझे पेन थांबले. वाचकहो, त्या सकाळपर्यंत विमा म्हणजे हप्ता भरायचा आणि विसरून जायचे एवढेच माझे ज्ञान होते. फराळाचे ताट बाजूला सारून मी ती पॉलिसी बारीक अक्षरांसकट वाचली. (मराठीच्या माणसाला दुर्बोध गद्य वाचण्याची सवय असते.)

पहिली गोष्ट किमतीची. नव्या गाडीचा विमा ज्या किमतीवर उतरतो ती दरवर्षी घटते: सहा महिन्यांत 5 टक्के, वर्षात 15, पाचव्या वर्षाच्या अखेरीपर्यंत 50. पाच वर्षांच्या पुढे मात्र कोष्टक संपते आणि किंमत कंपनी व मालक यांनी आपसात ठरवायची असते. म्हणजे पन्नास वर्षांच्या गाडीची किंमत ही सर्वस्वी विश्वासाची बाब. आणि ज्याचा पायाच विश्वास, त्या करारातली पहिली ओळ आम्ही खोटी लिहायला निघालो होतो! जिप्सीचे इंजिन लपवले आणि पुढेमागे अपघात झाला, तर सर्व्हेअर बॉनेट उघडून नंबर वाचणार. तिथे सुवाच्य अक्षराचा काय उपयोग?

दुसरी गोष्ट शर्यतीची. साध्या मोटार-विम्यात आयोजित शर्यत, वेगाची चाचणी आणि रॅलीसारख्या चाचण्या यांसाठी केलेला वापर सरळ वगळलेला असतो. शर्यतीच्या मैदानात घातलेला पैसा तिथे विमा मागू शकत नाही. त्याची वेगळी सोय करावी लागते. इतकेच नव्हे, तर दुसऱ्या माणसाला इजा झाली असतानाही ‘गाडी शर्यतीत होती’ हा बचाव कायद्याने कंपनीला दिलेला आहे. मग भरपाई कुणाच्या शेतातून जायची? वहिनींच्या.

तिसरी गोष्ट सरकारची. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे आरसी पुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयानेही 2019 च्या जानेवारीत हे ठणकावून सांगितले. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी हवी, पुस्तकात नोंद हवी. आणि सर्वांत झोंबणारी गोष्ट पुढेच आहे. 2021 च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांपुढच्या खासगी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी सुरू केली. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी रोज वापरायची नाही, प्रदर्शनाला नि जुन्या गाड्यांच्या फेरीला न्यायची. 2022 च्या नियमांत अशा मोटारीला तृतीय पक्षाच्या विम्याचा हप्ताही निम्मा केला. आमची फियाट वयाने या मानाला अगदी पात्र झाली होती. पण अट अशी की, सांगाडा, काया आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे पन्नास वर्षे वाट पाहून सोन्याचा दिवस उगवला, आणि त्याच सुमारास आम्ही तिचे काळीज काढून गोठ्यात टाकले!

मी हे सारे पुतण्याला वाचून दाखवले. तो चिडला. “काका, सगळेच ‘नाही’ लिहितात.” ते खरेही असेल. मी गप्प बसलो. खरे सांगायचे तर माझेही मन डळमळत होते. सणाचा दिवस, बापाविना वाढलेला पोर, आणि शब्द तो केवढा!

वहिनी स्वयंपाकघरातून हात पुशीत बाहेर आल्या. त्या म्हणाल्या, “भाऊजी, उद्या ह्याच्या गाडीखाली कुणाचं लेकरू आलं, तर कंपनीवाले हा कागद काढतील. त्यावर अक्षर तुमचं असेल. तुम्हाला चालेल का?”

मी ‘होय’ लिहिले. मग पुतण्याला म्हटले, “यादी तुझ्या हाताने लिही.” अकरा बदलांची यादी झाली. लिहिताना तो एकदाही वर पाहत नव्हता. नवव्या कलमाला, म्हणजे डॅशबोर्डाला, तो थांबला आणि म्हणाला, “आबांचा रुमाल असायचा ना इथल्या कप्प्यात?” मी हो म्हटले. पुढची दोन कलमे त्याने फार सावकाश लिहिली.

खरे बोलण्याचे बक्षीस लगेच मिळते असे कथेत असते. आम्हाला मिळाला तो नकार. आरसी पुस्तकात इंजिनाची नोंद नाही तोवर विमा नाही, असे कंपनीने कळवले. रॅली बुडाली, गाडी लिंबाखाली उभी राहिली, आणि धाकटीची पहिली फी मी माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून काढली.

पण त्यानंतरचे वर्ष वाया गेले नाही. मूळ इंजिन गोठ्यात पोत्याखाली सुखरूप होते; मिस्त्रीनेच ते भंगारात देऊ दिले नव्हते. ते साफ होऊन पुन्हा जागेवर बसले. दांडीचा गिअर आणि अख्खा डॅशबोर्ड पुतण्याने कुर्ल्याच्या भंगार बाजारातून शोधून आणला. गाडी जिथे जन्मली तिथेच तिचे हातपाय विकायला बसले होते. चाकांवरचा पत्रा तेवढा राहिला आहे. मिस्त्री म्हणतो जोड दिसणारच, आणि व्हिंटेजवाले तो पत्करतील की नाही हे तपासणीच्या दिवशी ठरेल.

या दिवाळीला गेलो तेव्हा पुतण्याने मला एक वही दाखवली. पहिल्या पानावर आबांचे नाव, खरेदीचे साल, इंजिनाचा नंबर. पुढे काय काढले, काय घातले, केव्हा, कुणी, किती रुपयांना. आणि जिप्सीचे सामान कोणत्या पेटीत बांधून ठेवले आहे तेही. कापलेल्या पत्र्यासमोर तारीख होती आणि लिहिले होते, ‘ही चूक माझी.’

त्या वहीत शुद्धलेखनाच्या बऱ्याच चुका होत्या. मी एकही दुरुस्त केली नाही.