हक्कांचे खाते भरलेले, दर्जाचे खाते कोरे



थंडी पडू लागली की मुंबईच्या परळपासून नागपूरपर्यंत पदपथावर तिबेटी बायामाणसे स्वेटर घेऊन बसतात. आपल्या पुष्कळ घरांतल्या लेकरांच्या अंगावर त्यांच्याकडचा स्वेटर असतो. भाव करताना आपले लोक त्यांना 'नेपाळी' म्हणून मोकळे होतात. ते नेपाळी नव्हेत. ते तथागताला मानणारे आणि देश गमावून बसलेले लोक आहेत. गोंदिया जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यात, गोठणगावजवळ १९७२ पासून त्यांची नॉरग्येलिंग नावाची वसाहत आहे. तिथे जन्मलेली मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत, पण त्यांच्या आजोबांचे गाव त्यांनी पाहिलेले नाही.

तिबेटचा विषय निघाला की आपल्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. 'अमेरिका तिबेटच्या पाठीशी आहे म्हणतात. एवढा बलाढ्य देश पाठीशी असताना प्रश्न सुटत का नाही?' प्रश्न रास्त आहे. आज आम्ही त्याचाच हिशेब मांडणार आहोत.

वह्या लिहिणाऱ्या माणसाला एक शिस्त पाळावी लागते. दोन वेगळ्या बाबी एका खात्यात टाकायच्या नाहीत. टाकल्या की बेरीज मोठी दिसते आणि ताळेबंद मात्र जुळत नाही. तिबेटच्या बाबतीतही दोन खाती आहेत. पहिले खाते मानवी हक्कांचे : कोणाला तुरुंगात टाकू नये, मारू नये, पूजा-प्रार्थना करू द्यावी, आपली भाषा शिकू द्यावी. दुसरे खाते राजकीय दर्जाचे : तिबेट हा देश आहे की चीनचा एक प्रांत, आणि तिबेटी जनतेच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा? अमेरिकेने पहिल्या खात्यात पुष्कळ जमा केले. दुसऱ्या खात्यावर तिचे पेन सतत अडखळले.

पहिली नोंद १९४२ ची. दुसरे महायुद्ध चालू होते. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी दोन लष्करी अधिकारी ल्हासाला पाठवले. सोबत दलाई लामांसाठी पत्र आणि सोन्याचे घड्याळ होते. दलाई लामा तेव्हा सात वर्षांचे होते. पत्र मोठे आदराचे होते, पण ते त्यांना धर्मगुरू म्हणून लिहिलेले होते, राज्यकर्ते म्हणून नव्हे. मित्रराष्ट्र असलेल्या चीनचे मन दुखावू नये म्हणून ही काळजी घेतली होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेने ब्रिटिशांना कळवून टाकले की, तिबेटवरील चीनच्या दाव्याला आपण कधीही हरकत घेतलेली नाही.

ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी फौजा चामदो भागात शिरल्या. तिबेट सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. एल साल्वाडोर या चिमुकल्या देशाने तो विषय मांडला. ब्रिटन आणि आपला भारत यांनी सबुरीचा सल्ला दिला आणि विषय पुढे ढकलला गेला. नंतर १९५१ च्या वसंतात दिल्लीतील अमेरिकी राजदूत लॉय हेंडरसन यांनी दलाई लामांना एक पत्र पोचवले. चीनवर विसंबू नका, बाहेर पडा, असा त्याचा मतलब होता. त्या पत्रावर ना वकिलातीचे नाव होते, ना सही. कचेरीत काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही की ज्या कागदावर सही नाही, जावक क्रमांक नाही, त्याच्या आधारावर उद्या कोणाकडेही काही मागता येत नाही. २३ मे १९५१ रोजी तिबेटच्या प्रतिनिधींकडून बीजिंगमध्ये सतरा कलमी करारावर सह्या घेतल्या गेल्या.

मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला आणि दलाई लामा भारतात आले. त्यानंतर १९५९, १९६१ आणि १९६५ असे तीन वेळा संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने तिबेटबद्दल ठराव केले. १९६१ च्या ठरावात तर स्वयंनिर्णयाच्या हक्काचाही उल्लेख झाला. याच काळात अमेरिकेचे गुप्तहेर खाते तिबेटी तरुणांना कोलोराडो राज्यातल्या डोंगरात शस्त्रांचे शिक्षण देत होते आणि नेपाळच्या मुस्तांग भागातील त्यांच्या तळांना मदत पुरवत होते. पण १९६० चे दशक संपता संपता मदत आटली. फेब्रुवारी १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन बीजिंगला जाऊन माओंना भेटले. १९७४ साली नेपाळी सैन्याने मुस्तांगचे तळ मोडले. दलाई लामांनी ध्वनिफितीवर संदेश पाठवून शस्त्रे खाली ठेवायला सांगितले. ऐकून काहींनी शस्त्रे ठेवली, आणि काहींनी आपला जीवच दिला. ज्यांना चीनशी लढायला शिकवले त्यांच्या देशाला मान्यता मात्र कधी दिली नव्हती. म्हणून त्यांना सोडून देताना कोणता करारही मोडावा लागला नाही.

पुढे दलाई लामांची शांततेची वाणी जगभर पोचली. १९८९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरले बुश त्यांना भेटले. त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने एका कायद्यात लिहिले की, तिबेट हा आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तत्त्वांनुसार व्यापलेला देश आहे. या संसदेला तिकडे काँग्रेस म्हणतात, आपल्याकडच्या काँग्रेस पक्षाशी तिचा संबंध नाही. वाचून वाटेल, दुसरे खाते एकदाचे भरले! पण ते वाक्य संसदेचे मत म्हणून लिहिलेले होते. सरकारवर ते बंधनकारक नव्हते आणि सरकारने ते आपले धोरण म्हणून कधी स्वीकारले नाही.

व्यापाराचा प्रसंग तर शाळेतल्या मुलालाही समजेल. मे १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी हुकूम काढला की, चीनला व्यापारात सवलतीचा दर्जा हवा असेल तर मानवी हक्कांत सुधारणा दिसली पाहिजे. त्यात तिबेटचा धर्म आणि संस्कृती यांच्या रक्षणाचाही समावेश होता. बरोबर एका वर्षाने, मे १९९४ मध्ये, त्यांनीच व्यापार आणि मानवी हक्क यांची गाठ सोडली. चीनला सवलत चालू राहिली. तराजूच्या एका पारड्यात बाजारपेठ पडली की दुसरे पारडे कसे वर जाते, हे जगाने पाहिले.

तेव्हापासून कायदे मात्र वाढत गेले. १९९७ मध्ये तिबेटसाठी खास समन्वयक नेमला गेला. २००२ मध्ये तिबेट धोरण कायदा झाला. चीन आणि दलाई लामांच्या प्रतिनिधींत बोलणी घडवून आणावी, हे सरकारचे काम ठरले. २०१८ च्या कायद्याने अमेरिकी नागरिकांना तिबेटात जाऊ न देणाऱ्या चिनी अधिकाऱ्यांना अमेरिकेचा व्हिसा नाकारण्याची तरतूद केली. २०२० च्या कायद्याने ठरवले की, दलाई लामांच्या वारसाच्या निवडीत ढवळाढवळ करणाऱ्या चिनी अधिकाऱ्यांवर निर्बंध घालावेत. १२ जुलै २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी आणखी एका कायद्यावर सही केली. प्राचीन काळापासून तिबेट चीनचाच होता हा दावा इतिहासाला धरून नाही, असे तो कायदा सांगतो. पण त्याच सहीबरोबर बायडेन यांनी एक निवेदन जोडले. या कायद्याने अमेरिकेचे जुने धोरण बदलत नाही आणि तिबेटी प्रदेश चीनचा भाग मानण्याचे धोरण कायम आहे, असा त्याचा आशय. वर मंजुरीची सही आणि खाली हा शेरा! १९४२ मध्ये पेन जिथे थांबले होते, ब्याऐंशी वर्षांनी ते तिथेच थांबले.

कोणी म्हणेल, मदत तर मिळते ना? मिळते, आणि तिची किंमत आम्ही कमी करीत नाही. निर्वासितांना आर्थिक साह्य मिळाले, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, १९९१ पासून अमेरिकेच्या सरकारी रेडिओने तिबेटी भाषेत बातम्या पोचवल्या. पण २०२५ मध्ये वॉशिंग्टनमधील नव्या सरकारने परदेशी प्रसारणाचा पैसा अडवला आणि या तिबेटी प्रसारणावरच गदा आली. त्यासाठी चीनला काही करावे लागले नाही. जे कृपेने मिळते ते कृपा आटली की जाते.

आपल्यातले काही जाणकार दुसरा आक्षेप घेतात. जुन्या तिबेटात मठांच्या आणि सरदारांच्या मोठमोठ्या जहागिऱ्या होत्या, रयत त्यांना बांधलेली होती, चीनने तिला सोडवले, असे ते म्हणतात. यातला पहिला भाग खरा आहे. तो झाकून ठेवणे आपल्याला शोभणार नाही, कारण जहागिरी आणि वेठबिगार म्हणजे काय हे आपल्या आजा-पणजांनी भोगले आहे. पण धनी बदलला म्हणजे गुलामी संपली असे होत नाही. रयतेला मुक्त केले म्हणता, तर मग त्या रयतेला आपला कारभारी निवडू का देत नाही? उलट, परागंदा झालेल्या तिबेटींनी मतदानाची पद्धत सुरू केली आणि २०११ मध्ये दलाई लामांनी आपले राजकीय अधिकार निवडून आलेल्या नेत्याच्या हाती सोपवले. सरंजामशाहीवर हा खरा इलाज आहे. पण त्या निवडून आलेल्या प्रशासनाला जगातल्या एकाही सरकारची मान्यता नाही. अमेरिकेचीही नाही, आपलीही नाही.

येथे कोणी विचारील की, दलाई लामाच आता स्वातंत्र्य मागत नाहीत, तर दर्जाचा आग्रह कशाला? खरे आहे, त्यांनी चीनमध्ये राहून खऱ्या स्वायत्ततेची मागणी केली आहे. पण स्वायत्तता मागायलाही समोर बरोबरीने बसणारा माणूस लागतो. २००२ ते २०१० या काळात बोलणी झाली. जानेवारी २०१० नंतर चीन औपचारिक बोलणीला बसलेला नाही. ज्याला कोणी मान्यता देत नाही, त्याच्याशी बोलायचे टाळणे सोपे असते.

दर्जाशिवाय हक्कांचे काय होते, हे मुलांकडे पाहून कळते. मे १९९५ मध्ये दलाई लामांनी गेधुन चोएकी न्यिमा या सहा वर्षांच्या मुलाला पंचेन लामा म्हणून घोषित केले. तीनच दिवसांत चीनने त्याला आईवडिलांसह नेले. तेव्हापासून तो जगाच्या नजरेस पडलेला नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने तो कुठे आहे हे विचारणारी पत्रके वेळोवेळी काढली. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी सांगितले की, सुमारे दहा लाख तिबेटी मुले सरकारी निवासी शाळांत ठेवली गेली आहेत आणि तिथे त्यांची भाषा व संस्कृती पुसली जात आहे. अमेरिकेने याला जबाबदार अधिकाऱ्यांना व्हिसा नाकारण्याचे जाहीर केले. बाबासाहेबांनी वसतिगृहे काढली ती मुलाने मान वर करून आपल्या माणसांत परत यावे म्हणून. ज्या शाळेतून आलेल्या मुलाला आजीची बोली समजत नाही, तिला काय म्हणावे? व्हिसा नाकारल्याने त्या मुलांपैकी एकही घरी आले नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला हेच शिकवले. दुसऱ्याच्या दयेवर उभे राहिलेले हक्क टिकत नाहीत, राजकीय सत्तेत वाटा हवा. तिबेटकडेही त्यांनी याच नजरेने पाहिले. २९ एप्रिल १९५४ रोजी भारताने चीनशी करार केला. त्यात तिबेटला चीनचा प्रदेश म्हटले आणि वर पंचशीलाचे नाव दिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यसभेत बाबासाहेबांनी बजावले की, माओंचा पंचशीलावर जराही विश्वास असता तर ते आपल्या देशातील बौद्धांशी वेगळे वागले असते. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन आपणच चीनची सीमा आपल्या दारात आणून ठेवली, असेही त्यांनी सुनावले. तेव्हा एकट्या अमेरिकेकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. २००३ मध्येही भारत सरकारने तिबेट चीनचा भाग असल्याचे पुन्हा लिहून दिले आहे.

मग आपण काय करावे? मोठमोठे मोर्चे आपल्या आवाक्यातले नाहीत. पण १० मार्च हा ल्हासाच्या उठावाचा दिवस असतो. त्या दिवशी वंदनेनंतर आपल्या विहारात मुलांना ही हकीकत सांगता येईल. मते मागायला येणाऱ्या खासदाराला विचारता येईल की, तिबेटबद्दल आपल्या सरकारने शेवटचा शब्द कधी काढला? आणि वर्तमानपत्रात कोणत्याही सरकारची सहानुभूती छापून आली की घरात एवढेच विचारावे : ही रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली?

जयभीम.